पट्टीची कड

मी चौथी शिकले आणि पुढे पंचवीस वर्षं हातमागावर बसले. माग गेला, नवरा गेला, मग मी मुलाकडे शहराच्या कडेला, वाडीला आले. भाड्याच्या दोन खोल्या, खिडकीखाली दिवसभर ट्रक. मुलगा धनुष्यं बनवतो, जुन्या घडणीची, माणसाएवढी उंच. ती एकसंध लाकडाची नसतात. पाठीला बांबू, बाकी धामणाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या, गोंद लावून साच्यात आवळलेल्या.

पट्टीतली रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हवी. मध्येच कडेतून बाहेर पडली, तर ओढताना धनुष्य तिथे तुटतं आणि तुकडा तोंडावर येतो. लोक पट्टीचा रुंद भाग पाहतात. मी कड पाहते. ताण्यातला कच्चा धागा शोधायला नख फिरवायचे, तेच नख आता लाकडावर फिरतं. एकदा सहज म्हणाले, ही नको. मुलाने हसून तीच लावली. ती तुटली. तेव्हापासून पट्ट्या मीच निवडायच्या, आणि मी अडकले.

उमरेडला माझी बहीण एकटी राहते. मला तिच्याकडे जाऊन राहायचं आहे. तीन वर्षं सांगते आहे.

"काहून जातं वं माय? इथं काय कमी आहे तुले?"

"काही कमी नाही. मले जायचं आहे."

"एवढी ऑर्डर होऊ दे, मग जा."

एक झाली की दुसरी येते.

गेल्या हिवाळ्यात लकडगंजला, लाकूड कापायच्या आरामशीनवर पट्ट्या निवडत होते. मालक म्हणाला, "काकू, लाकूड पाहून राहिल्या का सून?"

"सुनेले नख लावता येत नाही," मी म्हटलं.

त्या दिवशी मी ठरवून आले होते. आठ पट्ट्यांत एक खराब ठेवली. धनुष्य तुटेल, मुलगा म्हणेल मायचे डोळे गेले, आणि मी सुटेन. त्याने गठ्ठा पाहिलाही नाही. "तू पाह्यलं न? झालं मग."

दुसऱ्या दिवशी तो गोंद लावत होता. धनुष्य घेणारी बाई प्रताप नगरहून आली होती, शाळेतली मास्तरीण. किती ओढायचं ते दाखवायला तिने रिकामा हात मागे नेला आणि गालाशी थांबवला. डोळ्याच्या खाली, बोटभर अंतरावर.

मी उठले आणि गोंद लागलेली ती पट्टी ओढून काढली.

"आता काय झालं?"

"ही नको."

"काल तूनंच निवडली न."

"चुकलं माहं."

त्याने पट्टी उजेडात धरली. रेषा कुठे बाहेर पडते ते त्यालाही दिसलं. मग तो त्या बाईंना म्हणाला, "पाहा मॅडम. मायशिवाय मी लाकडाले हात लावत नाही." बाई खूश झाल्या. मैत्रिणींसाठी आणखी दोन धनुष्यं सांगून गेल्या.

मी मुलाला खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित त्याने मला जाऊ दिलं असतं, पण मग पुन्हा कधी दारात उभं केलं नसतं.

बहिणीचा फोन आला. "निघाली का वं?"

"नाही. दोन धनुष्यं आली."

मी फोन ठेवला आणि रॉकेलच्या चिंधीने नखातला गोंद काढत बसले. सकाळी लकडगंजला जायचं होतं.