कप आणि बशी

मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी मी रुग्णालयात बसलो होतो. शेजारच्या बाकावर सत्तरीचे एक गृहस्थ पोट साफ करणाऱ्या औषधाचा शेवटचा ग्लास संपवत होते. त्यांच्या पत्नीच्या हातात साध्या पाण्याचा ग्लास होता. त्यांनी घोट घेतला, की त्याही एक घोट घेत.

“तू कशाला पितेस?”

“घरी कधी एकट्यानं चहा तरी प्यायलात का? कप तुमचा, बशी माझी.”

“हे बशीत ओतून देण्यासारखं नाही गं.”

बाईंनीच मग मला सांगितलं, वर्षभर यजमानांच्या शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध समजून ते गुपचूप काढे घेत राहिले. धुण्याच्या कपड्यांवर डाग दिसला, तेव्हा कुठे बाईंना कळलं. इतकी वर्षं दोघांनी प्रत्येक चहा वाटून घेतला होता. हे दुखणं मात्र यजमानांनी लाजेपोटी स्वतःकडेच ठेवलं होतं. अशा गोष्टींसाठी आपल्या घरांत शब्दच नसतात.

त्यांची तपासणी झाल्यावर डॉक्टर त्यांना घेऊन बाहेर आले. “एक लहान गाठ होती, ती काढली. कर्करोग आहे का, ते अहवालात कळेल. पण आता काही लपवायचं नाही, काका.”

माझी तपासणी आटोपून मी कँटीनमध्ये गेलो, तेव्हा ते दोघं तिथं होते. एकच चहा मागवलेला. काकांनी अर्धा बशीत ओतला आणि कप बाईंच्या पुढे सरकवला.

काकांनी बशी उचलली, तसा चहा काठाशी हिंदकळला. बाईंनी खालून हात लावला.