कासवाचं ऊन

न्हाणीघरातून ‘ऊन पाणी काढलंय’ अशी हाक आली, की साठ वर्षांपूर्वीचं ते घमेलं डोळ्यांपुढे येतं. भावाने मुंबईला नोकरीवर जाताना विहिरीतलं कासवाचं पिल्लू आईवर सोपवलं होतं. पावसाळाभर ते अंधाऱ्या माजघरात राहिलं आणि त्याची पाठ भिजल्या पुठ्ठ्यासारखी मऊ पडली. गाय तपासायला आलेले घाटावरचे डॉक्टर म्हणाले, “याला रोज ऊन द्या.” आमच्या मालवणीत ऊन म्हणजे गरम, आणि उन्हाला म्हणतात वत. आईने घमेलं चुलीशी ठेवलं, कासवाच्या पाठीवर ऊन पाणी ओतत राहिली. आठ दिवस त्या धुरात बसून ती पुटपुटत होती, “उघड रे डोळे, मुंबैक गेल्ल्या माझ्या झिलाक मी काय सांगू?” कासव मान काढेना. नवव्या दिवशी डॉक्टर पुन्हा आले आणि ओरडलेच, “अहो, सूर्याचं ऊन!” “मगे वत म्हणूक होया होता!” म्हणत आई त्याला पदरात घेऊन खळ्यात धावली. चार दिवसांनी त्याने मान बाहेर काढली, तेव्हा ती रडली. मी शाळेत जाणारी, ऊन शब्दाचे दोन्ही अर्थ मला कळत होते. पण आईला चुकलीस म्हणायला भ्याले. तुला ठाऊक होतं का, असं तिने शेवटपर्यंत विचारलं नाही.