शेवटच्या टोकाची वायर

काटेपूर्णेच्या कालव्यावर शेषराव एकतीस वर्षं पाटकरी होते. पाणी सुटलं की पहिली पाळी शेवटच्या टोकाच्या शेताची, हा त्यांचा बाणा. वरच्या अंगाचे बागायतदार दम देत, जेवायला बोलावत. शेषराव कालव्याच्या दारांना कुलूप लावून किल्ली खिशात घालत आणि खुशाल विडी ओढत बसत. काय तो रुबाब!

निवृत्तीनंतर अकोल्याच्या घरात इंटरनेट आलं. जोडणी एक, कॉम्प्युटर तीन. एक सून वर्षालीचा, दुसरा नातू अंकुरचा. तिसरी वायर भिंतीवरून शेजारच्या बिल्कीसकडे, तिच्या अलीझासाठी. ती शेषरावांनीच देवविली. "पोरगी शिकून राह्यली, तिले कोरडं ठेवू नये." भिंतीवरचा पांढरा डबा पाहून ते हरखले होते. एक कालवा अन् तीन चाऱ्या, हे तर आपलंच खातं!

त्या गुरुवारी दुपारी अंकुर कॉलेजात होता. शेषराव त्याच्या कॉम्प्युटरवर शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत, पाहत होते. शेवटची जोडी सुटली आणि चित्र थिजलं, बैलांचे पाय हवेतच. पाणी पुरेना, म्हातारा समजला. सुनेच्या वायरला हात लावायची छाती नव्हती. त्यांनी शेजारची वायर उपटली. चित्र धावलं, जोडी जिंकली. शेषरावांनी मांडीवर थाप मारली, चहा घेतला, मग सावकाश वायर खोचली.

संध्याकाळी बिल्कीस वाटीभर शिरा घेऊन आली. डोळे सुजलेले.

"इंटरव्ह्यू होता पोरीचा, पुण्याच्या कंपनीचा. शिरा सकाळीच केला होता, खुशीचा. मधीच लाइन गेली, भाऊ. नाही म्हणून कळवलं त्यायनं."

"थांबा, त्या इंटरनेटवाल्याले चांगली झाडते मी," वर्षाली म्हणाली.

शेषरावांनी शिऱ्याची वाटी तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी इंटरनेट कंपनीचा नितेश आला. सगळं तपासून म्हणाला, "वहिनी, लाइन तर बरोबर आहे."

"मंग काय भूतानं तोडली? पोरीचं नुकसान केलं तुमी!"

तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता. शेषरावांना ते बघवेना.

"त्याले काहून बोलतं? वायर म्या काढली होती."

आणि तसेच अनवाणी ते बिल्कीसच्या दारात गेले. तिची शिलाई मशीन थांबली.

"अलीझा, लाइन गेली नव्हती, माय. म्या तोडली. पट पाहासाठी."

"पटासाठी, आबाजी?" अलीझा म्हणाली. "अन् कालव्यावर असं कोनी केलं असतं तर?"

"त्याची पुढची पाळी बंद केली असती म्या." त्यांनी तिच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "लिही कंपनीले. पोरीची चूक नाही, वायर शेषराव पाटकऱ्यानं काढली."

"हसतील ते."

"हसू दे. नाव पुरं टाक."

तिनं लिहिलं, पाठवलं. बिल्कीसची मशीन पुन्हा सुरू झाली. शेषरावांनी तिची वाटी घासून परत दिली, ती वाटी पुन्हा काही आली नाही.

आता ते पट पाहत नाहीत. दुपारी डब्याखाली खुर्ची टाकून बसतात, कुणाला वायरीला हात लावू देत नाहीत. दिवस मावळताना भिंतीपाशी जाऊन विचारतात, "येऊन राह्यलं का बरोबर?"

"येऊन राह्यलं, आबाजी," पलीकडून अलीझा म्हणते.

पुण्याहून काही आलं का, हे विचारायला त्यांचं अजून तोंड उघडत नाही.