डंकासमोरचा गाळा

आमच्या ग्रामपंचायतीने स्टँडच्या मागे चार गाळे बांधले. दोन इकडे, दोन तिकडे, आणि मध्ये ट्रॅक्टर वळेल एवढी वाट. बांधून झाल्यावर प्रश्न पडला की यात घालायचं काय. म्हणून सरपंचबाईंनी बायकांची सभा बोलावली. पुरुषांना विचारलं असतं तर चारही गाळ्यांत चहाच उकळला असता, एवढं त्यांना कळत होतं.

शाळेच्या व्हरांड्यात आम्ही मांडी घालून बसलो. "गावाला काय पायजे ते बोला," सरपंचबाई म्हणाल्या, आणि बांध फुटला. एकीला मेडिकल हवं होतं, कारण साध्या डोकेदुखीच्या गोळीसाठी वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन पेठ वडगाव गाठावं लागायचं आणि पोचेपर्यंत डोकं दुप्पट दुखायचं. पोरींना पार्लर हवं होतं. एका म्हातारीला दातांचा डॉक्टर हवा होता. तिच्या तोंडात औषधाला दात नव्हता. "माजं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "तुमचं तरी वाचतील."

मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "डंक पायजे."

उन्हाळा लागला की आमच्या भागात वर्षाची चटणी होते. मिरच्या उन्हात कडकडीत वाळवायच्या, देठं खुडायची, धने-तीळ-खोबरं-खडा मसाला तेलात भाजायचा, कांदा-लसूण तयार करायचा आणि सगळं डंकावर कांडून आणायचं. मोटार सुरू केली की डंकाची लोखंडी मुसळं आळीपाळीने खाली-वर होतात. गिरणीत दळली की चटणी जळते, कांडली की तिचं तेल सुटतं. आमच्या गावात डंक नव्हता. चार घमेली मसाला वडापमधून वडगावला न्यायचा आणि वाटेत ड्रायव्हरसकट सगळ्यांनी शिंकत जायचं.

टाळ्या पडल्या. माझ्यासाठी टाळ्या पडल्याचा तो पहिला प्रसंग आणि बहुतेक शेवटचाही. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती माझी धाकटी जाऊ. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. पण तेव्हाची मी, साठी ओलांडलेली, गुडघ्यांना तेल चोळणारी, डोक्याने मात्र परकरातली होते. मला वाटलं, कल्पना माझी म्हणजे डंकही आपल्या पायांनी चालत माझ्याच दारात येणार. मी घरी जाऊन त्या टाळ्या मनात घोळवत बसले. जावेने बचत गटातून अर्ज टाकला.

गाळा तिला मिळाला.

आता आमचं जावा-जावांचं थोडं सांगायला हवं. वाटणी झाली तेव्हापासून दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. तिकडे फोडणी पडली की इकडे ठसका लागतो. जाऊ वारणानगरच्या कामगार कॉलनीतून आलेली. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "आमच्याकडं दारातनं दोन पावलं टाकली की सगळं मिळतं. दूध, दवाखाना, बाजार." माझं माहेर आजऱ्याकडचं, रानातलं. मागे राहायचं नाही म्हणून मी ठणकावून सांगितलं, "आमच्याकडं तर दोन पावलंबी टाकाय लागत न्हाईत. गवाच दारात येतोय."

ती खो खो हसली. मी रात्रभर जळले. त्या वयात मला जळायला काहीही चालायचं. तिची नायलॉनची पिशवी, तिचा कुकर, तिच्या भावाची लुना. तिच्या कुकरची शिट्टी झाली की मी मुद्दाम पितळी पातेल्यावर पळी आपटायची, म्हणजे आमच्याही घरात काहीतरी वाजतंय हे तिला कळावं. अशी ती तेव्हाची मी, मोठी शहाणी बाई. आज रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख दाखवणार नाही.

पण एका बाबतीत माझं पारडं जड होतं. चटणी. गावात कुणाच्या घरी पाव्हणे जेवून तृप्त झाले की विचारायचे, "चटणी थोरलीची हाय का?" थोरली म्हणजे मी. लग्नाच्या जेवणाला रस्सा करायचा झाला की आधी माझ्याकडे बरणी घेऊन माणूस यायचा. माझा पुण्याचा मुलगा सुट्टी संपवून निघाला की गाडीत आधी चटणीचा डबा बसायचा, मग त्याची बायको. या गावात मला काही नाव असेल तर ते एवढंच. मी शिकलेली नाही, गोरी नाही, गोड बोलणारी तर नाहीच नाही.

आणि आता ती चटणी जावेसमोर कांडायची? घमेल्यात काय काय आहे, किती आहे, हे तिच्या डोळ्यांदेखत ओतायचं? नाव जायला एक उन्हाळा पुरला असता.

डंक सुरू झाला. फुलं, नारळ, पेढे. जाऊ लाल खुर्ची टाकून बसली. आसपासच्या गावांतून बायका यायला लागल्या. कुणी तिला "डंकवाल्या काकू" म्हणायचं, कुणी "मॅडम". मॅडम! मी घरात बसून स्टँडमागच्या तिच्या डंकाचा धाड-धाड आवाज ऐकायची आणि प्रत्येक ठोका बरोबर माझ्या छातीत पडायचा.

मी वडगावलाच जात राहिले. स्टँडवर कुणी विचारलं की सांगायची, "दात दुखालाय. डाक्टरकडं." घमेली जाड गोणपाटात बांधायची, वर जुनी साडी. परत आले की आमचे मालक ओसरीतून म्हणायचे, "तुझ्या दाताला मिरचीचा वास येतोय."

"तुमी गप बसा."

"मी गपच हाय. वडाप शिंकाय लागलंय."

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात जाऊ स्वतः आली, उंबऱ्यातच बसली.

"आक्का, या बारीला माझ्याकडं या. लोक विचारत्यात मला. सख्खी जाऊ का येत न्हाय, डंकात खोट हाय काय, म्हणत्यात."

"न्हाय गं, ते माझं दाताचं..."

"दातानं मिरच्या कांडतासा व्हय?"

मालक आत जाऊन हसले. आता जावंच लागणार होतं. म्हणून मी एक बेत केला. माझं जे काही गुपित आहे ते मी घरीच मसाल्यात मिसळून टाकलं, ओळखू येणार नाही असं. ते काय आहे हे इथेही सांगणार नाही. आणि माहेरहून आलेल्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची एक ओंजळ तव्यावर लालसर भाजून पदरात बांधली.

डंकावर बायकांची ही रांग. माझी पाळी आली तशा सगळ्यांच्या माना लांब झाल्या. जाऊ तर खुर्चीवरून अर्धी उठलीच. मी मिरच्या ओतल्या, मसाला ओतला, आणि पदराची गाठ सावकाश सोडून तांदूळ मुठीने भुरभुरला.

"हे काय वो, आक्का?"

"घनसाळ." मी आवाज खाली घेतला, पण शेवटच्या बाईला ऐकू जाईल इतकाच. "ह्येच्याबिगर चटणी न्हाय."

जावेने डोळे मिटून मान हलवली, जणू एवढी वर्षं तिला जे कळत नव्हतं ते कळलं. मी पदर तोंडात कोंबून घरी आले. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "तांदूळ? चटणीत? गाव मरंल की!" आम्ही दोघं म्हातारे लहान पोरांसारखे हसलो. आठ दिवसांत गावातल्या वाण्याने घनसाळ आणून ठेवला. आजऱ्याला माझ्या भावाला गावातून पोत्यांच्या गोष्टी करणारे फोन यायला लागले. गावभर तांदूळ भाजल्याचा वास. मी रोज संध्याकाळी दारात बसून तो वास घ्यायची आणि मनात म्हणायची, आता बघा रस्सा कसा होतो ते.

रस्सा झाला. एका रविवारी जावेने भिंतीवरून वाटी पाठवली. वर तर्री, खाली रस्सा दाट, भाताला धरून राहील असा, आणि मागून तांदळाचा तो मंद वास. मी एक घास घेतला. मालकांनी दोन घेतले, मग वाटी आपल्याकडे ओढली.

"कसा हाय?" मी विचारलं.

"वाईट हाय," ते म्हणाले, आणि वाटी पुसून खाल्ली.

पुढच्या जत्रेला मुलगा आला. जेवला जावेकडे. परत येऊन, आईच्या तोंडावर, म्हणाला, "आई, काकूंच्या चटणीला काय अंग आलंय! तुझी जरा पातळ लागते गं आता." निघताना गाडीत डबा बसला तो तिकडचा. लग्नघरचा माणूस बरणी घेऊन भिंतीपलीकडे जायला लागला. तोवर मला ठाऊक असलेले जळण्याचे सगळे प्रकार पोरखेळ होते. मीच तिला दिलं होतं, आणि तेही थट्टेत.

मग मी लपून घरी करून बघितलं. ओंजळभर तांदूळ, चटणी घट्ट. रस्सा केला तर तिखट खीर झाली. अर्धी ओंजळ घातली तर काही फरकच नाही. प्रमाण ठाऊक होतं कुठं मला? मी तर भुरभुरला होता. प्रमाण बसवलं होतं जावेने, रोज दहा घरच्या चटण्या कांडून, तराजूवर तोलून.

एक दिवस सहज गेल्यासारखी डंकावर गेले. ती घमेल्यात तांदूळ टाकत होती.

"एवढ्या मिरचीला एवढाच?" मी म्हणाले. आवाज शक्य तितका भोळा.

तिने झटकन घमेल्यावर पदर टाकला. "ते तुमाला ठावं की, आक्का. शोध तुमचाच."

ती हे साधेपणाने म्हणाली की नाही, मला अजून कळलेलं नाही. पण "मला ठाऊक नाही" असं म्हणण्याऐवजी मी "तर काय!" म्हणाले आणि घरी आले.

मग एकच वाट राहिली. वडगावचा डंक. तिथे मला कुणी ओळखत नाही, थोडं थोडं कांडून प्रमाण बसवता येईल. मागच्या उन्हाळ्यात पिशवीत मिरच्या, वेगळ्या पुडीत भाजलेला घनसाळ, असं घेऊन मी स्टँडवर उभी राहिले. मागे वळले तर लाल खुर्ची, खुर्चीत जाऊ.

"कुठं चाललायसा, आक्का?"

"दात दुखालाय. वडगावला."

डंकावरच्या सगळ्या बायका हसायला लागल्या. मला कळेना. जावेने हात करून समोर दाखवलं. चौथा गाळा, इतकी वर्षं बंद असलेला, उघडा होता. काचेचं दार, आत पांढरा उजेड, आणि पाटी.

"दाताचा डाक्टर आलाय की गावात! कालपास्नं. चला, मी सोडतो."

"अगं, ऱ्हाऊ दे, त्याला कशाला तरास..."

"तरास कसला? सभेत मागितलावता न्हवं आपण? तीन वर्सं दात धरून बसलायसा. चला."

तिने माझा दंड धरला आणि वाट ओलांडून मला आत नेलं. पिशवी मी सोडली नाही. डॉक्टर तरुण मुलगा, हसरा. मला त्या मागे कलणाऱ्या खुर्चीत बसवलं, पिशवी मांडीवर. त्याने तोंडावर दिवा ओढला, आणि दोनदा शिंकला. जाऊ "बघा हं नीट" म्हणून परत डंकावर गेली.

"आ करा, आजी."

मी आ केलं. माझे दात, मी सांगते, ऊस सोलायला अजून पुरतात. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पण तोंड उघडं आणि मान कललेली, अशा अवस्थेत माझी नजर काचेच्या दारातून थेट समोर गेली. समोर डंक. डंकाच्या बाजूला तराजू. तराजूसमोर जाऊ. आक्का खुर्चीत अडकलेली, तोंड उघडं, मग घमेल्यावर पदर कशाला टाकायचा? तिने घमेलं पुढे ओढलं, मिरचीचं वजन केलं, आणि भाजलेल्या तांदळाचा डबा उघडला.

"कुठला दात दुखतो, आजी?"

तिने पारड्यात तांदूळ टाकला, थोडा काढला, परत टाकला. मध्येच एक ट्रॅक्टर आडवा आला.

"आजी? कुठला?"

"सगळंच," मी म्हणाले. "सावकाश बघा, बाळ. मला काय घाई न्हाय."