उजव्या कोपऱ्यातला ठिपका

तुम्ही सिनेमा बघता तो पडद्याच्या मधोमध. मी बघते फक्त उजवीकडचा वरचा कोपरा. नायक मरो, नायिका रडो, माझी नजर तिकडेच. रीळ संपत आलं की त्या कोपऱ्यात एक ठिपका येतो, डोळ्याची पापणी लवेपर्यंत जातोही. पहिला ठिपका दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. लगेच दुसरा येतो, तेव्हा दांडा ओढून चित्र या मशीनवरून त्या मशीनवर न्यायचं. नीट झालं तर खुर्चीतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. चुकलं तर पडदा पांढराफटक पडतो आणि लोक शिट्ट्या मारून थिएटर डोक्यावर घेतात.

हे काम खरं तर माझं नाही, आमच्या ह्यांचं. हे वर मशीनच्या खोलीत असतात, सगळे त्यांना ऑपरेटर म्हणतात. मी खाली अंधारात बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवते, म्हणून मी बॅटरीबाई. लग्न झाल्यापासून आम्ही थिएटरच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. नोकरी आहे तोवर खोल्या आहेत. आमच्या भिंतीपलीकडेच पडदा. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून त्यांनी एकही सिनेमा पाहिलेला नाही, पण सगळे तोंडपाठ. भिंतीतून जेवढं ऐकू येतं तेवढ्यावर त्या मला आख्खी गोष्ट सांगतात. "आता हा दार आपटून जाईल बघ," म्हणतात, आणि तो जातोच. ह्यांचंही तसंच. एकदा कानावर पडलेलं विसरत नाहीत. मी आणायला सांगितलेली भाजी तेवढी विसरतात.

माणूस तसा धीराचा. पोस्टर चिकटवायला म्हणून या थिएटरात आले आणि वरच्या खोलीत कधी पोहोचले ते त्यांनाही सांगता येणार नाही. एकदा मशीनमध्ये फिल्म अडकून पेटली, तर ह्यांनी नुसत्या हाताने ती ओढून विझवली आणि वर मलाच म्हणाले, "ओरडतेस काय, लोक सिनेमा बघतायत." पण डॉक्टर म्हटलं की हाच माणूस लहान मुलासारखा चेहरा करतो. सुई टोचून घ्यायला नको म्हणून ताप अंगावर काढणारा प्राणी आहे हा.

तर एका दुपारी पडदा पांढरा पडला. लोकांनी खुर्च्या बडवल्या, मॅनेजर धावत वर गेला. ह्यांनी सांगितलं, मशीनचा पट्टा सरकला. मॅनेजरला पटलं, मला नाही. घरी जेवताना मी विचारलं तर घास चिवडायला लागले. मग म्हणाले, "ठिपका दिसला नाही. पडद्यावर धुकं आल्यासारखं वाटतं हल्ली."

डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणतात, "डोळ्यात सुरी घालतात ते. नाव काढू नकोस." आणि मॅनेजरला सांगायची सोय नव्हती. दुसऱ्या एका थिएटरच्या ऑपरेटरची नजर गेली होती, त्याला मालकाने आधी सायकल स्टँडवर बसवलं आणि मग घराबाहेर काढलं. आम्ही सासूबाईंना घेऊन कुठे जाणार होतो?

मग मीच तोड काढली. मी खाली भिंतीला टेकून ठिपका बघायचा आणि बॅटरी वरच्या खिडकीकडे क्षणभर लावायची. एकदा लावली की मशीन चालू, दुसऱ्यांदा लावली की दांडा. ह्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून माझं सुख संपलं. ठिपक्याच्या वेळेलाच कुणीतरी हमखास विचारायचं, बाई, पाणी कुठे मिळेल. मी त्याच्यावर खेकसायचे आणि कोपऱ्याकडे बघत राहायचे. झोपेतसुद्धा मला ठिपके दिसायचे आणि मी दचकून उठायचे. हे मात्र शेजारी घोरत असायचे. इतका राग यायचा मला.

पण पडदा पुन्हा कधी पांढरा पडला नाही. मला वाटायचं, माझ्या बॅटरीवर हे थिएटर चाललंय.

आणि मग नवा सिनेमा आला. मोठा होता, गल्लीबोळांतून रिक्षावर कर्णा लावून पुकारा झालेला, पहिल्या शोची तिकिटं खिडकी उघडताच संपलेली. रिळांच्या पेट्या सकाळीच आल्या होत्या, शोच्या आधी वितरकाचा माणूसही आला. असा माणूस येतो तो तिकिटं मोजायला, गल्ल्यापाशी बसतो आणि चहा पितो. हा वेगळाच निघाला. "आधीच्या थिएटरने माझ्या प्रिंटवर ओरखडे पाडलेत," तो मॅनेजरला म्हणाला. "आज मी वर ऑपरेटरजवळ बसणार. रिळाला हात कोण कसा लावतो ते बघायचंय मला."

मशीनच्या खोलीत तो बसणार, आणि समोरच्या खिडकीत खालून बॅटरीचा उजेड येणार. पहिल्याच वेळी विचारेल, ही बाई काय करतेय? सकाळी ह्यांनी नेहमीसारखी सगळी रिळं एकदा चालवून पाहिली होती. ते जिन्याशी दिसले तेव्हा मी त्यांना गाठलं.

"आता काय करायचं?"

"आज बॅटरी लावू नकोस," ते म्हणाले.

"मग तुम्हाला कळणार कसं?"

"बघतो काहीतरी." आणि लोखंडी जिना चढून गेले. बघतो म्हणे.

शो सुरू झाला. थिएटर गच्च भरलेलं, माणसं भिंतीला लागून उभी. मी बॅटरी पदरात गुंडाळून धरली होती, चुकून लागायला नको म्हणून. खोल्यांतली भांडी कुठे हलवायची, सासूबाईंना कोण उचलणार, हेच डोक्यात फिरत होतं. पहिला ठिपका आला. मी डोळे मिटले आणि शिट्ट्यांची वाट बघत राहिले. शिट्ट्या आल्या नाहीत. डोळे उघडले तर पडद्यावर नायिका विहिरीवर पाणी भरत होती, पुढच्या रिळातली.

नशीब, म्हटलं. पुढच्या वेळीही तसंच झालं. त्याच्या पुढच्याही. मध्यंतरापर्यंत माझी खात्री पटली की ह्यांचे डोळे सुधारले. मला इतका आनंद झाला की मी वितरकाच्या माणसासाठी स्वतः चहा घेऊन वर गेले. पुन्हा कधी कोपरा बघायला लागणार नाही, असं मनाशी म्हणत जिना चढले.

तो माणूस खुशीत होता. "वहिनी, इतकी थिएटरं फिरलो, असा ऑपरेटर पाहिला नाही. बाकीचे ठिपक्यासाठी खिडकीला नाक लावून बसतात. हे आपले भिंतीकडे तोंड करून उभे, पडद्याकडे बघतसुद्धा नाहीत, आणि दांडा बरोबर वेळेला."

कपातला चहा बशीत सांडला. हे माझ्याकडे तोंड करून उभे होते. नजर माझ्या खांद्यावरून कुठेतरी मागे लागलेली.

उरलेला सिनेमा मी कोपऱ्याकडे पाहिलंच नाही. नोकरीची भीती कुठल्या कुठे गेली होती आणि तिच्या जागी दुसरीच येऊन बसली होती. मला एकेक आठवायला लागलं. दाराच्या चौकटीला थडकणं. आरशाशिवाय दाढी. परवा म्हणाले होते, नवी साडी छान आहे. साडी जुनीच होती. मी दिवसभर खूश होते, मूर्ख कुठली. त्या जिन्याला कठडा नाही. मशीनमधला दिवा हात भाजून काढील इतका तापतो, शेजारी उघड्या तारा. आणि हा माणूस तिथे चाचपडत उभा राहतो, रोज.

शो सुटला. वितरकाचा माणूस मॅनेजरकडे गेला. मी वर गेले. हे जुन्या बनियनने मशीन पुसत होते. फोकसच्या चकतीला त्यांनी दोरा बांधलेला मला दिसला, बोटाला लागेल असा.

"माझी बॅटरी दिसत नव्हती ना तुम्हाला?"

त्यांचा हात थांबला. "उन्हाळ्यापर्यंत दिसायची."

"मग आता कसं करता?"

"सकाळी ऐकून ठेवतो. रीळ संपताना कोण काय बोलतं ते. रीळ लावलेली वरची चकरी हलकी झाली की आवाजही बदलतो तिचा."

"अहो, मी तिथे जीव मुठीत धरून उभी असायचे. सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला ओढत डॉक्टरकडे नेलं असतंस." मग म्हणाले, "आणि खाली तू उभी आहेस, एवढं ठाऊक असायचं. त्याचा धीर होता."

मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं की मला रागच येतो. "आत्ताच्या आत्ता खाली चला. मॅनेजरला सांगायचं. पुढचा शो चालवायचाच असेल तर मी तुमच्या शेजारी उभी राहून ठिपके बघेन, पण सगळ्यांना सांगून. आणि उद्या डॉक्टर."

"खोल्या जातील गं."

"जाऊ देत. तुम्ही त्या जिन्यावरून पडलात तर त्या खोल्या काय जाळायच्यात?"

फिल्म पेटली तेव्हासुद्धा न हललेला त्यांचा ओठ थरथरत होता. "मला भीती वाटते," ते म्हणाले.

"मलाही वाटते. दोघं घाबरत घाबरत जाऊ."

दारात आल्यावर मी सवयीने बॅटरी लावून उजेड पायरीवर धरला. ह्यांचा पाय हवेतच पायरी शोधत राहिला. मी बॅटरी विझवून कमरेला खोचली, एक पायरी खाली उतरले आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला.

"पायरी," मी म्हणाले. ते उतरले. "आणखी एक."