मरीन ड्राइव्हवरचं गाऱ्हाणं

एअर शोला जायचं ठरवलं ते तन्वीने. माझ्या या लेकीची हवाई दलात वैमानिक होण्यासाठी निवड झाली आहे, आणि "आई, तू हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही," असं सांगून तिने माझी झोप उडवली होती. "निदान एकदा जवळून बघ तरी," म्हणाली. म्हणून रविवारी आम्ही तिघं निघालो: ती, मी आणि माझे सासरे आप्पा.

लालबागहून टॅक्सी केली. जाणार असाल तर टॅक्सी ठाकूरद्वारलाच सोडा. पुढचे रस्ते पोलीस बंद करतात. शो फुकट, पण सावली अजिबात नाही, तेव्हा टोपी आणि पाणी हवंच. खर्च झाला तो टॅक्सीचा आणि गिरगावातल्या मिसळीचा. आप्पांनी जास्तीचा पाव मागवला. मी माझी मिसळही त्यांच्याकडे सरकवली.

चौपाटीच्या बाजूला कठड्यावर जागा मिळाली. शेजारी परळचं एक कुटुंब डबे उघडून बसलं होतं. त्यातल्या काकूंनी मला चकली दिली. "बसा हो आरामात, सारख्या उठताय काय?" मला कसला आराम! बसले की उठावंसं वाटत होतं, उठले की घरी जावंसं.

आधी हेलिकॉप्टरं तिरंगा घेऊन गेली, मग पॅराशूटवाले उतरले. तन्वी एकेक विमान ओळखून सांगत होती. मी समुद्राकडे, गर्दीकडे, लोकांच्या चपलांकडे पाहत होते. वर सोडून सगळीकडे. तेवढ्यात एक लढाऊ विमान डोक्यावरून गेलं. आवाज मागाहून आला, थेट छातीत. मी तन्वीचा दंड धरला.

"आई, दुखतंय."

मला सोडवेना.

शेवटी दोन विमानं समोरासमोर एकमेकांच्या अंगावर धावून आली. सगळी गर्दी गप्प झाली. आप्पा उठले, हात जोडले आणि कोकणातल्या आमच्या गावच्या देवळात देवाकडे मागणं मागताना घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ही पोरां वर आसत, तेंका सुखरूप खाली हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," परळच्या काकू डबा बाजूला ठेवून म्हणाल्या. कोकणातल्या माणसाला गाऱ्हाण्याला साथ दिल्याशिवाय राहवत नाही.

"कोणाची वायट नजर लागली आसात, ती दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता मागूनही चार-पाच आवाज आले.

"आणि माझी नात आता ह्येंच्यात जातली, तिका सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मीही म्हणाले. लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघून गेलं.

विमानं केव्हाच एकमेकांना चुकवून लांब गेली होती. तन्वी वर बघायचं सोडून माझ्याकडे बघत होती.

"आप्पा, हे बरं नाही केलंत," मी म्हणाले.

"मी काय केलंय? देवाक तूच सांगलंस," आप्पा खाली बसत म्हणाले. "आता मागे घेवक येना नाय गो."

परतताना ठाकूरद्वारपर्यंत गर्दीतून सरकतच आलो. घरी पोचल्यावर मी स्वयंपाकघरात शिरले. शो कसा होता, हे मला विचारू नका. मी पाहिला तो अर्धामुर्धाच. भीती मात्र सबंध घरी आली आहे आणि ती आता इथेच राहणार.

बाहेरून तन्वीचा आवाज आला. आखातात नोकरीला असलेल्या तिच्या बाबांशी ती फोनवर बोलत होती: "बाबा, आई हो म्हणाली."

नाही म्हणून सांगायला मी दारापर्यंत गेले. तिचा चेहरा पाहिला, आणि परत येऊन कुकर लावला.