अंदाजाने बोलायचं नाही

माझ्या नवऱ्याच्या मुलाखतीची तयारी मी करून घेतली होती. ह्यांना जाऊन सात महिने झाले, मुलाखतीला सहा वर्षं. तरी लिहायला बसले की आधी आठवतो तो उजळणीचा पंधरवडा. आजारपण नंतर आठवतं.

हे सुर्ल्याच्या खाणीवर सॅम्पलर होते. ट्रकात भरलेल्या खनिजाचे नमुने काढायचे आणि त्यात लोखंड किती, पाणी किती हे तपासायला प्रयोगशाळेत पाठवायचे, हे त्यांचं काम. पाण्याला फार महत्त्व असतं, कारण ओला माल जहाजाच्या पोटात सरकतो आणि जहाज कलंडू शकतं. प्रयोगशाळेचा आकडा यायला दुसरा दिवस उजाडायचा. तोवर सगळे ह्यांना विचारायचे. हे भुकटी मुठीत घेऊन आवळायचे, मूठ उघडून त्या लाडवाकडे बघायचे, अंगठ्याने हलकेच दाबायचे आणि म्हणायचे, "आठ टक्के पाणी. साडेआठ म्हणा." दुसऱ्या दिवशी कागदावर तेच यायचं, किंवा इतकं जवळचं की कुणी वाद घालत नसे.

मी हे कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. कुणाला छान शीळ घालता येते, तसलंच ते काहीतरी असावं, असं मी धरून चालले होते.

मी डिचोलीच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. माहेर इब्रामपूरचं. घरी शेती, आणि वाचत बसणारी मी एकटी. ह्यांचे वडील सिंधुदुर्गातून खाणीच्या कामाला आले आणि इथलेच झाले. हे दहावीपर्यंत शिकले होते. लग्न झाल्यावर घरातलं कागदाचं सगळं काम आपोआप माझ्याकडे आलं. अर्ज मी भरायचा, ह्यांनी मी बोट ठेवीन तिथे सही करायची. काय लिहिलंय हे त्यांनी कधी विचारलं नाही.

खाणी बंद पडल्या तेव्हा हे पंचेचाळीस वर्षांचे होते. दोन वर्षं घरी होते. परसातली माडाची आळी तीन-तीनदा साफ करायचे. मग साठवलेल्या मालाचा लिलाव होऊन मुरगावला थोडी जहाजं लागू लागली, आणि तिथल्या एका खासगी प्रयोगशाळेला सॅम्पलर हवा असल्याचं कळलं. जागा एकच. अर्ज मी भरला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं.

ह्यांनी आयुष्यात मुलाखत दिली नव्हती. खाणीवर त्यांना वडिलांच्या ओळखीने, उभ्या उभ्या घेतलं होतं. मी शाळेतून मुलाखतीवरचं एक पुस्तक आणलं. रोज संध्याकाळी जेवणाच्या मेजाच्या एका बाजूला मी साहेब होऊन बसायची, दुसऱ्या बाजूला हे.

"तुमची बलस्थानं कोणती?"

"बलस्थाना? ही खंयच्या देवाची?"

"हसू नका. उत्तर द्या."

"मी नमुनो बरो काढतंय."

"पूर्ण बोला. मला या क्षेत्रातला तेवीस वर्षांचा अनुभव आहे, असं."

"येवढा बोलासर थयसर ट्रक सुटान जातलो गो."

पण ते शिकले. ताठ बसायचं. हात गुडघ्यांवर. साहेबांच्या मेजावरच्या कशालाही हात लावायचा नाही. येत असेल ते नीट, पद्धतशीर सांगायचं, नसेल येत तर येत नाही म्हणायचं, पण अंदाजाने बोलायचं नाही. हे शेवटचं मी त्यांच्याकडून अनेकदा म्हणवून घेतलं. आत्मविश्वास म्हणजे खात्रीचं तेवढंच बोलणं, असं पुस्तकात होतं, आणि मला ते फार पटलं होतं.

एकदाच त्यांनी मध्ये विचारलं, "आणि तेंनी मालच पुढ्यात ठेवलो तर?"

"तर पद्धत सांगा. नमुन्याचं वजन घ्यायचं, भट्टीत वाळवायचा, पुन्हा वजन घ्यायचं."

"ता सगळ्यांकच ठावक असता."

"म्हणूनच तुम्हालाही ठाऊक आहे, हे त्यांना कळायला हवं."

ते म्हणाले, "बरा. तू म्हणतंस तर."

जायच्या आदल्या दिवशी मी लिंबाच्या सालीने त्यांची नखं घासली. दोन वर्षांत कामाला हात लागला नव्हता, तरी नखांच्या कडांना खाणीचा तांबूस रंग होता. तो पुरता गेला तेव्हा मला बरं वाटलं.

संध्याकाळी हे परत आले ते उंड्यांची, म्हणजे गोल पावांची, पिशवी घेऊन. पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जागा आदीच भरलली. नावाक बोलवलेले." चेहरा नेहमीसारखा होता. मी संतापले, बरंच काही बोलले. हे पाव चहात बुडवून खात राहिले.

आठवड्याभराने कळलं की ती जागा ह्यांच्याच हाताखाली सुर्ल्याला काम शिकलेल्या एका तरुणाला मिळाली. तोही त्या दिवशी मुलाखतीला होता. मला सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. नक्कीच वशिला. त्यानंतर तो घरी आला की मी स्वयंपाकघरात जायची. हे स्वतः चहा करून त्याला द्यायचे. त्याच्या घराच्या वास्तुशांतीलाही मी गेले नाही. हे एकटे जाऊन जेवून आले.

"तेका कित्याक बोल लावतंस? तो बरो असा," ते म्हणायचे.

"तुम्ही भोळे आहात," मी म्हणायची. सहा वर्षांत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन!

पुढे ह्यांना पेडण्याच्या किनाऱ्याकडे, बंगल्यांच्या एका वसाहतीत, गेटवर उभं राहण्याचं काम मिळालं. निळा गणवेश, शिट्टी, आणि येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे. दोन बस बदलून जायचे. तक्रार कधी केली नाही. एकदाच म्हणाले, "दीसभर हात रिकामे ऱ्हवतत गो." मी म्हटलं, एखादं पुस्तक नेत जा. त्यांनी नेलंही. वाचलं की नाही, माहीत नाही. गेल्या वर्षी यकृताचं दुखणं निघालं आणि चार महिन्यांत ते गेले.

नवव्या दिवशी तो तरुण मुरगावहून आला. आता मला आत जाऊन बसता येत नव्हतं. सुतकाचं घर, मी दिव्याजवळ चटईवर. तो समोर बसला. मग तो म्हणाला, "वैनी, माझी नोकरी म्हणजे दादांचीच. तुमका ठावक असतलाच."

"मला काय ठाऊक?"

त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. आता मागे फिरता येणार नाही हे त्याला कळलं असावं.

"आमी भायर बाकार होतंव. दादांका पयला बोलवल्यानी. भायर इले आणि माका धरून जिन्याकडे व्हेल्यानी. म्हणाले, मेजार तीन ताटां असत. मधल्या ताटातल्या मालात पाणी किती ता विचारतले. भट्टीबिट्टी काय एक सांगू नको. मूठ आवळ आणि वाटता तो आकडो सांग. घाबरा नको. तुझो हात बरो असा."

"मग?"

"मी तसाच केलंय. नव म्हटलंय. सायबान कागद बघलो आणि हसलो. म्हणालो, मालाक हात लावणारो माका होयो होतो."

"ह्यांनी नाही लावला?"

"नाय."

बाहेर रस्त्यावरून एक रिकामा ट्रक खडखडत गेला.

"मीच तसं शिकवलं होतं," मी म्हटलं.

"ठावक असा वैनी. येताना बसीत दादांनी सांगितलेला." तो खाली बघत होता. "म्हणाले, तिना पंधरा दीस शाळेतसून येवन माका शिकवल्यान. आता ह्या तिका कळला तर तिचो पुस्तकांवरचो विश्वास जातलो. घराकडे बोलू नको. म्हणान इतकी वर्सा मी बोलाक नाय. माका वाटला, मागीर तरी तेंनी सांगितला असतला."

मी ह्यांना रागाने जे जे ऐकवलं होतं, ते सगळं त्यांनी हे ठाऊक असताना ऐकलं होतं. एकदा जरी ते चिडून म्हणाले असते, की गो, तुझ्यामुळेच गेली नोकरी, तर आज मला त्या रागाला धरून रडता आलं असतं. त्यांनी माझ्यासाठी तेवढंही मागे ठेवलं नाही.

"बसमध्ये आणखी काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय नाय. पणजेक पावासर निजले. माझ्या खांद्यार मान होती."

आमच्याकडे सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, आणि घरातलं माणूस 'या' म्हणत नाही. तो उठला, दिव्याला हात जोडले, पायऱ्यांवर चप्पल घालायला वाकला. सहा वर्षांत पहिल्यांदाच मला त्याला 'या' म्हणावंसं वाटत होतं. शब्द तोंडाशी आला होता. मी तो गिळला आणि चटईवरच बसून राहिले. तेरावं झालं की फोन करीन, असं ठरवलं होतं. अजून केलेला नाही.